टीव्ही बंद केल्यावरची दहा मिनिटं : बडबडगीतांच्या कार्यक्रमातून मुलाला आवाज कसे शिकवायचे

दर जूनला बालवाडीत नवी मुलं येतात आणि पहिल्याच आठवड्यात दोन-तीन आया तेच सांगतात, "बाई, ह्याला सगळं येतंय. टीव्ही बघून क पासून ज्ञ पर्यंत म्हणतोय." मुलगा खरंच म्हणून दाखवतो, न थांबता, चालीवर, हातवाऱ्यांसकट. मग मी पाटीवर नुसता 'ट' काढते आणि विचारते, हे काय? तो क पासून सुरू करतो आणि गात गात 'ट'पाशी पोचतो. कधी 'ट' मागं पडतो आणि गाणं पुढं निघून जातं.

एका मुलीने केएमटीच्या, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या शहर बसवरची 'कसबा बावडा' ही पाटी बघून आजीला सांगितलं होतं, "आज्जी, कमळ-सबा!" तिची काहीच चूक नव्हती. 'क' म्हणजे कमळ, असंच तिला शिकवलेलं होतं.

आवाज आणि गाण्यांतून शिकवणारे कार्यक्रम वाईट नसतात. आपण ते उलट्या क्रमाने वापरतो. आधी अक्षर दाखवतो, मग गिरवून घेतो, आणि ते कानाने ओळखता येतं का हे कधी बघतच नाही. मुलाचा क्रम कान, तोंड, डोळा, हात असा असतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळून पुढं गेलात तर महिन्याभराने परत तिथंच यावं लागतं. मी स्वतः पहिली दोन वर्षं वर्गात वर्णमालेचं गाणं लावून बसत होते, त्यामुळे हे अनुभवाने सांगते.

सुरू करण्याआधी

वय बघा. हे सगळं साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही जितका कमी तितका बरा. लहान बाळ तीच गोष्ट समोरच्या माणसाकडून लवकर शिकतं आणि पडद्यावरून उशिरा. त्यामुळे दीड वर्षाच्या धाकट्याला 'तोही बसू दे शेजारी' म्हणून बसवू नका. त्याला आजीकडे द्या.

कान बघा. मुलाच्या मागे दोन हात अंतरावर उभं राहून हळू आवाजात नाव घ्या, मग 'भाकरी', 'चेंडू' असे दोन-तीन शब्द म्हणायला सांगा. पुन्हा पुन्हा "हं?" येत असेल, टीव्हीचा आवाज तो सतत वाढवत असेल किंवा कान वाहत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात सर्दीने कान दडपलेले असतात. तेव्हा आठवडाभर थांबलात तरी काही बिघडत नाही.

सामान असं : पाटी-खडू, परातभर रांगोळी किंवा रवा, एक कापडी पिशवी, घरातल्या सहा-सात वस्तू, छोटा आरसा आणि तुमच्यासाठी एक वही. विकतचे तक्ते लागत नाहीत.

टप्पा १ : भाग निवडणं

मूल झोपल्यावर पूर्ण भाग एकदा तुम्ही एकट्याने बघा. हे कंटाळवाणं आहे. पण हे केलं नाही तर चौथा टप्पा जमणारच नाही, कारण कुठं थांबायचं ते तुम्हाला माहीत नसेल.

वहीत पाच गोष्टी टिपा.

एका भागात नवे आवाज किती? एक किंवा दोन ठीक. तीनाच्या वर असतील तर तो भाग सोडा. 'सेसमी स्ट्रीट' या १९६९ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन कार्यक्रमात प्रत्येक भाग 'अमुक अक्षराच्या सौजन्याने' असतो. गंमतच आहे, पण त्या निमित्ताने एक-दोनच अक्षरं डोक्यात राहतात. सगळी वर्णमाला तीन मिनिटांत उरकणारं गाणं नाचायला छान. शिकवायला ते घेऊ नका.

प्रश्न विचारल्यावर पडद्यावरचं पात्र थांबतं का? मनात चारपर्यंत मोजा. चाराच्या आत तेच उत्तर देऊन टाकत असेल, तर त्या जागेची वेळ वहीत लिहा. तिथं तुम्ही थांबवायचं आहे.

डोळे मिटून ऐका. चित्र न बघता सगळे शब्द कळले पाहिजेत. ढोलकी आणि झांजांखाली शब्द बुडत असतील तर मुलाला फक्त चाल मिळेल.

आवाज देणाऱ्याची मराठी मराठी आहे का? 'बाळ'चं 'बाल' होत नाही ना, 'ज्ञ' आपल्यासारखा म्हणतात की 'ग्य', आणि 'चमचा'तला च 'चहा'तल्यासारखा तर होत नाही, एवढं ऐकलं तरी लगेच कळतं.

मूळ इंग्रजी कार्यक्रम मराठीत आणलेला असेल तर चित्र आणि शब्द जुळतात का? पडद्यावर इंग्रजी 'बी' नाचतोय, शेजारी चेंडू उडतोय आणि आवाज म्हणतोय 'चेंडू'. मुलाच्या कानात 'च' पडतो आणि डोळ्यासमोर 'बी' असतो. असे भाग गोष्ट म्हणून दाखवा, आवाज शिकवायला नको.

> इशारा : इंग्रजीची पद्धत जशीच्या तशी मराठीवर लादू नका. इंग्रजीत अक्षराचं नाव वेगळं आणि आवाज वेगळा, 'डब्ल्यू' म्हणायचं आणि वाचायचं 'व'. म्हणून त्यांना आवाज सुटे करून शिकवावे लागतात. आपल्या 'क'चं नाव 'क' आणि आवाजही 'क'. चार वर्षांच्या मुलाला "क् अधिक अ बरोबर क" असं फोडून सांगणाऱ्या चित्रफिती हल्ली बऱ्याच दिसतात. त्याची या वयात गरज नाही. त्याने मूल गोंधळतं आणि 'क'ला 'क्-अ' म्हणायला लागतं.

टप्पा २ : जागा आणि वेळ

इथं फार बोलण्यासारखं नाही, पण चुका मात्र हमखास होतात.

जुलैत पत्र्याच्या खोलीवर पाऊस ताडताड वाजत असताना आवाजाचा भाग लावू नका. 'त' आणि 'थ' मधला फरक तेव्हा मोठ्यांनाही कळत नाही. मिक्सर आणि कुकर बंद, पंखा हळू. टीव्हीच्या आवाजाच्या पर्यायांत 'संगीत' किंवा 'सिनेमा' निवडलेलं असेल तर ते साध्यावर किंवा बातम्यांसाठी असतं त्यावर आणा, म्हणजे घुमणारा आवाज कमी होऊन बोलणं मोकळं ऐकू येतं. मोबाईलवर दाखवत असाल तर मोबाईल मुलाच्या हातात देऊ नका, डब्याला टेकवून ठेवा. पुढचा व्हिडिओ आपोआप लागण्याची सोय बंद करा. नाहीतर तुमची दहा मिनिटं तिथंच जातील. वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नसेल तर भाग आदल्या रात्री उतरवून ठेवा.

जेवताना नको. घास आणि 'घ' एका वेळी तोंडात मावत नाहीत.

टप्पा ३ : लावण्याआधी दोन मिनिटं कान उघडणं

पिशवीत किल्ल्या, बांगड्या, वाटी-चमचा, तांदळाची डबी आणि एक कोल्हापुरी चप्पल टाका. टॉवेलाआड एकेक वस्तू वाजवा. "कोण बोललं?" मुलं किल्ल्या लगेच ओळखतात. नवी कडक चप्पल हाताने वाकवली की कर्र वाजते. ती ओळखली की घर डोक्यावर घेतात.

दोन मिनिटं झाली की मुलाला एकच काम द्या : "आज आपण 'म' पकडायचा. म ऐकलास की मांडीवर थाप."

> तपासा : काम काय आहे ते मुलाला तुम्हाला सांगता येतं का? नाही आलं तर अजून टीव्ही लावू नका. "टीव्ही बघायचा" हे उत्तर बरोबर धरू नका.

टप्पा ४ : सोबत बघणं

शेजारी बसा. स्वयंपाकघरातून "काय म्हणाला रे तो?" असं ओरडून विचारणं म्हणजे सोबत बघणं नव्हे.

पूर्ण भागात तीनदाच थांबवा, वहीत लिहिलेल्या जागी. थांबवलं की तुम्ही बोलू नका. मुलाकडे बघा आणि मनात दहापर्यंत मोजा. पहिल्यांदा हे दहा अंक फार लांब वाटतात. बहुतेक मुलं सातव्या-आठव्या अंकाला उत्तर देतात, आणि आपण तिसऱ्यालाच तोंड उघडतो. उत्तर आलं नाही तर बटण दाबून पुढं जा. "अरे, सांग की! काल येत होतं" असं म्हणू नका.

एकदा थांबवलंत की आरसा पुढं करा. 'म' म्हणताना ओठ मिटतात, 'न'ला मिटत नाहीत, हे मुलाला स्वतःच्या तोंडात दिसू द्या. समजावून सांगायला जाऊ नका.

> इशारा : बघताना उच्चार दुरुस्त करू नका. तीन वर्षांचं मूल 'काका'ला 'ताता' म्हणतं, 'र'चा 'ल' करतं. कानाला फरक कळतो, पण जीभ अजून वळत नाही. तुम्ही फक्त बरोबर उच्चारात तोच शब्द तुमच्या वाक्यात परत म्हणा, "हो, काका आले," आणि सोडून द्या.

पडद्यावर अक्षर आलं तरी बोट ठेवून वाचून दाखवू नका. अक्षराला अजून वेळ आहे.

टप्पा ५ : बंद केल्यावरची दहा मिनिटं

सगळं काम इथं होतं. कार्यक्रम म्हणजे आदण ठेवणं, भात या दहा मिनिटांत शिजतो. आणि नेमकं याच वेळी आपण "झालं बघून? जा आता खेळ" म्हणतो.

चार खेळ आहेत. क्रम बदलू नका. एका दिवशी चारही करायचेच असं नाही. पहिला जमला तर दुसरा.

पहिला खेळ, टाळ्या. शब्द म्हणायचा आणि तुकड्यागणिक टाळी वाजवायची. रं-का-ळा, तीन. जो-ति-बा, तीन. आता 'कोल्हापूर' म्हणून बघा. कागदावर अक्षरं चार आहेत, म्हणून बहुतेक पालक चार टाळ्या वाजवायला लावतात. तोंडात मात्र तीनच तुकडे आहेत, शेवटचा 'पूर' एकदम येतो. 'मिसळ' मि-सळ, दोन. 'भडंग' भ-डंग, दोन. 'चप्पल'च्याही दोनच. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण म्हणतच नाही. लिहिताना तो असतो, बोलताना गळतो. मूल बोललेलं ऐकतंय. ते बरोबर दोन टाळ्या वाजवतं आणि आपण त्याला तीनवर ओढतो.

> तपासा : खात्री नसेल तर हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणा. जबडा जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे.

दुसरा खेळ, यमक. बहुतेक गाण्यांत सारखा आवाज ओळीच्या शेवटी असतो. त्यामुळे गाणी ऐकून मुलाचा कान शेवटाला तयार होतो आणि आपण लगेच विचारतो पहिलं अक्षर. मुलाला येत नाही, मग आपल्याला वाटतं कार्यक्रम वाया गेला. आधी शेवटच विचारा. गाण्याची ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द गिळायचा. हे मी वर्गात वापरते ते 'म'चं गाणं :

मनीमाऊ मऊ मऊ,
मडक्यामध्ये काय खाऊ?
मलई आहे, कुणाला देऊ?
मुंगीताई, ये, मिळून खाऊ!

"मडक्यामध्ये काय..." म्हणून थांबा. मूल 'खाऊ' म्हणतं. दोन दिवसांनी चुकीचा शब्द घाला : "मडक्यामध्ये काय भाकरी?" मूल हसलं पाहिजे. हसलं म्हणजे कानाने पकडलं. नुसतं पाठ म्हणणाऱ्या मुलाला हसू येत नाही, ते गोंधळून गाणं पहिल्यापासून सुरू करतं. माझ्या लेखी हसणं ही सगळ्यात भरवशाची परीक्षा आहे. मग तीन शब्द द्या, "गाडी, वाडी, चेंडू, वेगळा कोण?"

तिसरा खेळ, पहिला आवाज. "कोणत्या अक्षराने सुरू होतं?" असं विचारू नका, मुलाला अजून अक्षर माहीत नाही. "तोंडात पहिल्यांदा काय आलं?" असं विचारा.

इथं एक खास मराठी अडचण आहे, आणि ती बऱ्याच शिक्षकांच्याही ध्यानात येत नाही. मासा, मीठ, मूठ, मोर हे सगळे आपल्या दृष्टीने 'म'चे शब्द. मुलाच्या कानाला मात्र ते मा, मी, मू, मो असे चार वेगळे आवाज आहेत. "मीठमध्ये पहिलं काय?" मूल म्हणतं "मी". आपण म्हणतो "नाही, म." मूल बरोबर होतं. म्हणून पहिल्या आठवड्यात साध्या 'म'चेच शब्द घ्या : मका, मडकं, मलई, मगर. दुसऱ्या आठवड्यात मासा, माठ, माळ घ्या आणि "म चा भाऊ मा" अशी ओळख करून द्या. बाराखडीची वाट इथूनच, कागदाशिवाय सुरू होते.

आणि 'कमळाचा क' हे बंद करा. एका अक्षराला कायम एकच वस्तू चिकटवली की 'कमळ-सबा' होतं. रोज वेगळी वस्तू घ्या : आज क म्हणजे कप, उद्या कढई, परवा कणीस.

चौथा खेळ, तळ्यात-मळ्यात. अंगणात किंवा फरशीवर खडूने रेघ मारा. एक बाजू रंकाळा, म्हणजे आमचं तळं, दुसरी बाजू मळा. तुम्ही शब्द म्हणायचा. 'म' ऐकू आला तर मूल रंकाळ्यात उडी मारतं, नाही आला तर मळ्यात. सुरुवातीला आवाज लांबचे घ्या, म आणि क. मग जवळचे, म आणि न. शेवटी म कुठंही असलेले शब्द : 'चमचा', 'आंबा', 'काम'. 'आंबा'त मुलं उडी मारतात आणि आपण म्हणतो चुकलं, म कुठाय? पण अनुस्वार 'ब'च्या आधी 'म'सारखाच वाजतो. उडी बरोबर आहे, शाबासकी द्या.

> इशारा : दहा मिनिटं म्हणजे दहाच. मूल रंगात असतानाच थांबवा. "अजून एकदा" अशी मागणी राहिली पाहिजे, ती उद्याच्या कामी येते.

टप्पा ६ : तोच भाग, पाच दिवस

पालकांना हा टप्पा सगळ्यात अवघड जातो. मुलाला नाही, त्यांनाच तोच भाग परत बघायचा कंटाळा येतो. 'ब्लूज क्लूज' हा मुलांचा कार्यक्रम अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झाला तेव्हा एकच भाग सलग पाच दिवस दाखवत असत. मुलं कंटाळत नव्हती, उलट दिवसागणिक जास्त उत्तरं देत होती. पहिल्या दिवशी मूल गोष्ट बघतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढं काय येणार हे त्याला माहीत असतं आणि मग कान मोकळा होतो.

पहिले दोन दिवस टाळ्या आणि यमक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिला आवाज. पाचव्या दिवशी टीव्हीचा आवाज बंद करून चित्र लावा आणि बोलायचं काम मुलाला द्या. तिथं वर्गातली लाजरी मुलंसुद्धा तोंड उघडतात. सहाव्या दिवशी टीव्ही नाही. सातव्या दिवशी घरात पाहुणे असतील तर "म्हणून दाखव बाळा" नको.

टप्पा ७ : आता अक्षर

एखादा आवाज सहा दिवस कानात आणि तोंडात राहिला, तळ्यात-मळ्यातमध्ये दहापैकी आठ उड्या बरोबर पडल्या, की मगच त्याचं अक्षर दाखवायचं. साधारण पाच वर्षांच्या आसपासची मुलं याला तयार असतात. चार वर्षांचं मूल मागे लागलं तर दाखवा, नाही लागलं तर आठवण करून देऊ नका.

वर्णमालेच्या क्रमाने जाऊ नका. आपली वर्णमाला तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली आहे. क, ख, ग, घ घशाजवळचे, प, फ, ब, भ ओठांचे. मोठ्यांना ही रचना सुंदर वाटते, पण लहान मुलाला सगळे सारखे वाटणारे आवाज एकापाठोपाठ मिळतात. आधी लांबवता येणारे आणि एकमेकांपासून दूर असलेले घ्या : म, स, ल, र. मग क, प, ट, ब. ख, घ, भ, ध नंतर. ब आणि भ एका आठवड्यात कधीच नको. घ आणि ध सुद्धा नको, तिथं आवाज लांबचे असले तरी रूप फसवतं.

परातीतल्या रांगोळीत बोटाने काढू द्या. तुम्ही काढताना तोंडाने आवाज म्हणा, अक्षराच्या रेषांचं वर्णन नको. मग हवेत, मग पाटीवर मोठं. वही सगळ्यात शेवटी. चार रेघी वहीत पानभर 'म' काढायला लावणं हे कष्ट आहेत, त्यातून आवाज शिकला जात नाही.

> तपासा : पडद्यावरचा 'ल' आणि 'श' पुस्तकातल्यासारखा आहे का? हिंदी वळणाच्या छपाईत या दोन अक्षरांचं रूप वेगळं असतं. मूल "हा ल नाही" म्हणालं तर त्याचं निरीक्षण चांगलं आहे. "हासुद्धा ल, दुसऱ्या गावचा" एवढं सांगितलं की पुरतं.

टप्पा ८ : ळ, ण, च, ज

ही चार अक्षरं वेगळी काढली, कारण बाहेरून आणलेल्या कार्यक्रमांत ती हमखास बिघडतात आणि नेहमीच्या पद्धतीने ती शिकवताही येत नाहीत.

'ळ' आणि 'ण' मराठी शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. म्हणून 'पहिला आवाज' हा खेळ इथं चालत नाही, शेवटचा आवाज घ्यावा लागतो. जोड्यांनी कान तयार करा : माळ–माल, वेळ–वेल, काळ–काल. दोन वस्तू समोर ठेवा, माळ आणि बाजारातून आणलेला माल. तुम्ही म्हणाल ती मुलाने उचलायची. मग हे गाणं, कोल्हापूरच्या मुलांना गूळ सांगावा लागत नाही :

गूळ पिवळा, काळी माळ,
वेळेवर उठतं आमचं बाळ,
डोळे चोळत, खेळत खेळत
ओंजळ भरून मागतं डाळ.

'ळ' म्हणता येत नसेल तर घाई नको, तो बऱ्याच मुलांच्या जिभेवर उशिरा बसतो. 'ण'चं थोडं वेगळं आहे. काही घरांत 'पानी'च म्हणतात. मुलाला "आज्जी चुकीचं बोलते" असं सांगू नका. घरात पानी, पुस्तकात पाणी, दोन्ही प्यायचंच असतं. आमच्याकडे बायकाही 'मी आलो, मी जातो' म्हणतात. टीव्हीतली ताई 'मी आले' म्हणते. मुलं दोन्ही सांभाळतात, मोठ्यांनाच उगाच काळजी.

'च' आणि 'ज' यांचे आपल्याकडे दोन-दोन आवाज आहेत आणि अक्षर एकच. 'चहा'तला च वेगळा, 'चमचा'तला वेगळा. मोजतो ते 'चार' आणि म्हशीला घालतो तो 'चारा', यांची सुरुवात सारखी नाही. 'हे जग' आणि 'तू जग', तसंच. 'चिंच' या एका शब्दात दोन्ही च आहेत. इ आणि ए लागला की आवाज चहातला, म्हणजे चिमणी, चेंडू, जीभ, जेवण. बाकी ठिकाणी कानावर सोडा. शिकवताना एका आठवड्यात एकाच जातीचे शब्द घ्या. चहा, चिमणी, चेंडू एकत्र, आणि पुढच्या आठवड्यात चमचा, चाक, चोच. टीव्हीने 'च' म्हणून चिमणी आणि चाक शेजारी दाखवले आणि मूल गप्प बसलं, तर ते विचार करतंय असं समजा.

टप्पा ९ : घराबाहेर

आठवड्यातून एकदा पुरे. सकाळी कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, म्हणजे म्हशीची धार समोर काढून देतात तिथं, घेऊन जा. पेल्यात धार पडताना होतो तो आवाज मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्या, एका मुलाने 'झुर्रर्र' म्हटलं होतं, मला तो शब्द फार आवडला. चप्पल लाईनला हातोडीची टकटक, अंबाबाईच्या देवळातली घंटा, हंगामात उसाच्या ट्रॉलीची खडखड. मराठीत अशा जोडशब्दांची खाण आहे : टपटप, तडतड, खळखळ, सळसळ. प्रत्येकात पहिला आवाज दोनदा येतो, म्हणजे तिसऱ्या खेळाचा आयता सराव. 'टपटप' आणि 'तडतड' यांत ट आणि त मधला फरक जितका ठळक ऐकू येतो तितका कुठल्याही तक्त्यात मिळत नाही.

साडेपाच-सहाची मुलं असतील तर येताना रिक्षात गावांच्या भेंड्या लावा. कोल्हापूर, र, राधानगरी... इथं मुलं 'री' घेतील, मोठे 'र' घेतील आणि भांडण होईल. 'री' चालेल असं ठरवून टाका.

अडलं तर

मूल टीव्ही बंद करताना रडतं : बंद तुम्ही करू नका, बटण त्याला दाबू द्या आणि पिशवी आधीच समोर ठेवा. चार-पाच दिवस रडतं, मग पिशवीकडे वळतं.

मूल गाणं धडाधड म्हणतं पण खेळात काहीच येत नाही : चाल काढून टाका. तेच शब्द साध्या बोलण्यात, हळू म्हणा. चालीवर तरंगणारी मुलं इथं लगेच ओळखू येतात. त्यांना टाळ्यांपासून परत सुरू करा.

दोन मुलं आहेत, मोठा सगळी उत्तरं देऊन टाकतो : मोठ्याला प्रश्न विचारायचं काम द्या. दहापर्यंत मोजण्याची जबाबदारीही त्याच्याकडे.

आई-बाबा दोघेही कामावर, मूल आजीकडे : वही आजीकडे द्या आणि टीव्ही गाळा. आजीच्या तोंडची गाणी, पिशवी आणि टाळ्या एवढ्यावर पाचवा टप्पा पूर्ण होतो.

पंधरा दिवसांनी, म्हणजे दोन भाग झाल्यावर, न सांगता तपासा. भाजी निवडताना किंवा अंघोळ घालताना सहा शब्द सहज विचारा, कार्यक्रमात न आलेले. 'म' झाला असेल तर मडकं, मलम, मटार आणि मध्ये नळ, दार, पोळी. पाच-सहा बरोबर आले तर पुढचा आवाज. चार आले तर तोच भाग आणखी दोन दिवस. त्याहून कमी आले तर आठवडाभर टीव्ही लावूच नका, पिशवी काढा आणि किल्ल्यांपासून सुरू करा.